आधी वेग, मग फ्लॅप्स

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी दोस्ती जरा कमीच आहे. मराठी विभागाची संपादिका माझ्याच विंगमध्ये राहते. "टेक्निकल लिही, पण मराठीत लिही" असं म्हणून ती तीन दिवस मेसमध्ये माझ्या समोरच्याच खुर्चीवर येऊन बसत होती, म्हणून हा प्रयत्न. फ्लॅप्सना मराठीत काय म्हणतात ते आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "पंखाच्या झडपा म्हण." पण झडपा म्हटलं की मला कूलर आठवतो. तेव्हा आपण फ्लॅप्सच म्हणू या.

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर एक जुना डेस्कटॉप आहे. पास आऊट झालेल्या एका सीनियर ताईने तो जाताना आम्हाला दिला. त्यावर २००६ साली आलेला फ्लाइट सिम्युलेटर एक्स आहे. २०२० सालचा नवा सिम्युलेटर त्या बिचाऱ्यावर चालणं शक्यच नाही, पण जुना झकास चालतो. मी त्यात बोइंग ७३७-८०० उडवते. सबमिशनच्या आठवड्यात जरा जास्तच उडवते.

आता फ्लॅप्स म्हणजे काय ते. ज्यांनी विमानप्रवास केला असेल आणि पंखामागची खिडकी मिळाली असेल त्यांनी हे बघितलेलं असणार. उतरायच्या आधी पंखाच्या मागच्या कडेतून पत्र्याचे मोठे तुकडे घुंss असा आवाज करत मागे सरकतात आणि खाली वाकतात, तेच फ्लॅप्स. ज्यांनी विमानप्रवास केला नसेल त्यांच्यासाठी आपली एसटी आहेच. खिडकीबाहेर तळवा आडवा धरा (कंडक्टरचं लक्ष नसताना) आणि बोटं थोडी खाली वाकवा. हात वर उचलला जातो, आणि त्याच वेळी मागेही ढकलला जातो. वर उचलणारी ती लिफ्ट आणि मागे ढकलणारा तो ड्रॅग. फ्लॅप्स दोन्ही वाढवतात.

याची गरज का पडते ते फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांना सांगायला नको. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला तर लिफ्ट पाव होते, आणि विमानाचं वजन मात्र तेवढंच राहतं. ७३७ वरती जोरात पळतं तेव्हा छोटा, सपाट पंख पुरतो. पण उतरताना वेग १४० नॉटच्या आसपास आणायचा असतो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे साधारण ताशी २६० किमी), आणि तेवढ्या वेगात तोच पंख पुरत नाही. म्हणून पंखाचं क्षेत्रफळ आणि बाक दोन्ही वाढवायचे. मागे फ्लॅप्स, पुढच्या कडेला स्लॅट्स. एकाच पंखाचे दोन पंख होतात म्हणा ना.

७३७-८०० च्या फ्लॅप लिव्हरला 'अप' सोडून आठ खाचा आहेत: १, २, ५, १०, १५, २५, ३० आणि ४०. गेममध्ये एफ-सेव्हन दाबलं की फ्लॅप्स एक खाच बाहेर, एफ-सिक्स दाबलं की एक खाच आत. एफ-एट म्हणजे एकदम सगळे बाहेर आणि एफ-फाइव्ह म्हणजे एकदम सगळे आत. या शेवटच्या दोन बटणांनीच माझा घात केला.

पहिला प्रसंग दिवाळीच्या सुट्टीतला. माझे मामा एका एअरलाइनच्या हँगरमध्ये मेंटेनन्सला आहेत. त्यांच्याकडे मुंबईला गेले होते. मामेभावाच्या लॅपटॉपवर हाच गेम निघाला, आणि मग काय, मामांसमोर शायनिंग मारायची संधी कोण सोडणार? पुण्याहून टेक ऑफ, मुंबईत लँडिंग. सरळ रेषेत जेमतेम ६५ नॉटिकल मैल. सह्याद्री छान दिसावा म्हणून मी १५ हजार फुटांवर चढले. घाट बघितले, धरणं बघितली, मामीला खंडाळा दाखवला. मग समोर मुंबई आली आणि लक्षात आलं की आपण अजून फारच वर आहोत. नाक खाली घातलं. विमान खाली आलं खरं, पण वेग घेऊन आलं. घाटकोपरच्या टेकड्या दिसायला लागल्या तेव्हा वेग होता २३० नॉट आणि फ्लॅप्स शून्य. घाबरून मी एफ-एट दाबलं.

विमान आधी फुग्यासारखं वर उचललं गेलं, मग वेग धाडकन उतरला, मग मी काहीतरी खटपट केली आणि रनवे २७ वर कसंबसं टेकवलं. थांबलं! मामेभावाने टाळ्या वाजवल्या. मी मामांकडे बघितलं. ते बशीतून चहा पीत होते.

"झालं?" ते म्हणाले. "आता वहीत लिही."

"कसली वही, मामा?"

"टेक लॉग. फ्लॅप ओव्हरस्पीड म्हणून लिही. हे विमान आता पुढच्या फ्लाइटला जाणार नाही. आमची पोरं शिडी लावून पंखाखाली जातील."

"पण लँड तर नीट झालं ना!"

"तू उतरलीस गं. विमान उतरलं का, ते बघायचंय अजून."

मला तेव्हा हे जरा लागलंच. पण रात्री जेवणं झाल्यावर मामांनी मला जे समजावून सांगितलं ते आमच्या एका पूर्ण सेमिस्टरपेक्षा जास्त होतं, आणि खरं तर तेच सांगायला मी हा लेख लिहिते आहे.

७३७-८०० च्या कॉकपिटमध्ये समोरच्या पॅनेलवर एक छोटी पाटी असते. कोणते फ्लॅप्स जास्तीत जास्त किती वेगापर्यंत चालतील ते तिच्यावर लिहिलेलं असतं. १, २ आणि ५ ला २५० नॉट. १० ला २१०. १५ ला २००. २५ ला १९०. ३० ला १७५. आणि ४० ला फक्त १६२, म्हणजे बरोबर ताशी ३०० किमी. शिवाय २० हजार फुटांच्या वर फ्लॅप्सना हातच लावायचा नाही.

पहिल्या तीन आकड्यांत फरक नाही आणि पुढे ते भराभर का उतरतात? कारण सुरुवातीच्या खाचांना फ्लॅप्स मुख्यतः मागे सरकतात, खाली फारसे वाकत नाहीत. क्षेत्रफळ वाढतं, अडथळा कमी असतो. पुढच्या खाचांना ते खरे वाकतात आणि वाऱ्याच्या आडवे उभे राहतात. याला माझ्या मते छत्रीसारखं उदाहरण नाही. पावसात चालताना छत्री उघडली तर काहीच होत नाही. तीच छत्री बाइकवर मागे बसून उघडून बघा. काड्या उलट्या! कापड तेच, काड्या त्याच, फक्त वेग बदलला. अर्धवट मिटलेली छत्री मात्र बाइकवरही तग धरते. फ्लॅप पाच ही अर्धवट मिटलेली छत्री, फ्लॅप चाळीस ही पूर्ण उघडलेली.

इथेही वेगाचा वर्गच येतो, आणि तो फार वाईट असतो. १६२ ऐवजी २०० नॉटला ४० फ्लॅप्स बाहेर असले तर वेग सुमारे २३ टक्क्यांनी वाढला, पण भार ५२ टक्क्यांनी वाढला. मी तर २३० ला लिव्हर ओढली होती. कॅल्क्युलेटर घ्या आणि काढा. दुप्पट!

माझी रूममेट सिव्हिलची आहे. ती म्हणाली, "फॅक्टर ऑफ सेफ्टी असेलच की." आहे ना. विमानाच्या रचनेत लिमिट लोडच्या दीडपट अल्टिमेट लोड धरतात. पण लिमिट लोडपर्यंत धातूत कायमचा बाक येता कामा नये, आणि त्याच्या पुढे दीडपटीपर्यंत फक्त तुटायचं नाही, एवढंच बंधन. वाकलं तर वाकलं. म्हणजे मधला जो भाग आहे त्यात विमान उतरतं, प्रवासी बॅगा घेऊन घरी जातात आणि पंखाखाली एखाद्या फिटिंगमध्ये वाक किंवा बारीक चीर राहून जाते. मोकळ्या पंखाने विमान २.५ जी सहन करेल असं डिझाइन करतात, पण फ्लॅप्स बाहेर असताना २ जी पर्यंतच. म्हणजे त्या अवस्थेत हवेचा धक्का बसला किंवा नाक जोरात वर ओढलं तर शिल्लक मुळातच कमी असते.

मग मामांची पोरं शिडी लावून काय बघतात? ज्या रुळांवरून फ्लॅप्स सरकतात ते ट्रॅक्स (पंखाखाली होडीसारखे लांबट डबे दिसतात ना, त्यांच्या आत ते असतात), त्यांवर चालणारे कॅरेज, जोड, बिजागऱ्या, फ्लॅपचा पत्रा आणि मागची कड. कुठे चीर, कुठे सुटलेला रिव्हेट, कुठे वाकलेलं. काही सापडलं नाही तर सही करून विमान सोडायचं. वेग किती ओलांडला त्यावर तपासणी किती खोल करायची ते ठरतं, म्हणून पायलटने आकडा लिहिणं महत्त्वाचं. फ्लाइट डेटा रेकॉर्ड होतो आणि एअरलाइन नंतर तो बघते, त्यामुळे लपवून लपत नाही. "पण नंतर म्हणजे कधी?" मामा म्हणाले. "तोपर्यंत ते विमान आणखी फेऱ्या मारून येईल. १८९ सीट्स आहेत त्यात. पायलटने उतरल्या उतरल्या दोन ओळी लिहिल्या की आम्हाला त्याच रात्री कळतं. माझा सगळा धंदा त्या दोन ओळींवर चालतो बघ."

मी विचारलं, एवढं आहे तर विमान स्वतःच का थांबवत नाही? थोडंफार थांबवतं. ७३७-८०० ला फ्लॅप लोड रिलीफ नावाची सोय आहे. ४० लावलेले असताना वेग मर्यादेच्या वर गेला तर सिस्टिम फ्लॅप्स आपोआप ३० वर आणते, ३० लावलेले असतील तर २५ वर आणते, आणि वेग उतरला की परत जागेवर. पण ही सोय वेग थोडा हलला तर सांभाळून घेण्यासाठी आहे, माझ्यासारख्या एफ-एटवाल्यांसाठी नाही.

आता यातला सगळ्यात उपयोगी भाग, आणि हा मला मामांकडून कळेपर्यंत पूर्ण उलटा माहीत होता. मला वाटायचं पाटीवरचा आकडा म्हणजे तो आला की फ्लॅप लावायचे. २५० झाला, लाव एक. २१० झाला, लाव दहा. असं नसतं! पाटीवरचा आकडा ही भिंत आहे, दरवाजा नाही. दरवाजे वेगळे असतात, आणि ते त्या दिवशीच्या वजनावर ठरतात. समजा आजच्या वजनाला ४० फ्लॅप्सचा संदर्भ वेग १४० नॉट निघाला. त्यात ७० मिळवले की २१०, हा फ्लॅप्स नसतानाचा मॅन्युव्हरिंग वेग. ५० मिळवले की १९०, हा फ्लॅप एकचा. ३० मिळवले की १७०, हा फ्लॅप पाचचा. २० मिळवले की १६०, हा पंधराचा. पद्धत अशी की वेग सध्याच्या खाचेच्या आकड्याजवळ उतरत आला की पुढची खाच लावायची. म्हणजे २१० च्या आसपास एक, १९० च्या आसपास पाच, १७० च्या आसपास पंधरा. पाच फ्लॅप्स २५० ला चालतात, पण लावतात १९० ला. मधले ६० नॉट कशासाठी? वारा एकदम बदलला, कोणी दचकून नाक खाली केलं, तर भिंतीवर आदळू नये यासाठी.

आणि भिंत फक्त वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूलाही आहे. हा माझा एफ-फाइव्हचा प्रसंग. टेक ऑफ केलं, चाकं आत घेतली आणि "चला, आता फ्लॅप्सचं काम संपलं" म्हणून एफ-फाइव्ह दाबलं. वेग तेव्हा १५५-१६० असेल. विमानाने वर जायचं सोडून दिलं आणि लोहगावच्या पुढे कुठल्या तरी शेतात नेऊन बसवलं. फ्लॅप्स आत घेतानाही तेच आकडे उलट्या क्रमाने लागतात. वेग वाढू द्यायचा, मग एकेक खाच आत.

हे फक्त गेममध्ये होतं असं समजू नका. १८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोहून ब्रसेल्सला निघालेल्या ट्रायडंट विमानात पंखाच्या पुढच्या कडेचे ड्रूप्स (आपल्या स्लॅट्सचेच भाऊबंद) वेळेआधी आत घेतले गेले. तेव्हा वेग होता १६२ नॉट, आणि ते आत घ्यायला किमान २२५ हवा होता. विमान स्टॉल होऊन स्टेन्स गावाजवळ पडलं. ११८ माणसं होती, कोणी वाचलं नाही. १६२ हा आकडा बघून मला कसंसंच झालं. आमच्या ७३७ ला तोच वेग ४० फ्लॅप्ससाठी जास्तीत जास्त, आणि त्या दिवशीच्या ट्रायडंटला ड्रूप्स आत घ्यायला तो कितीतरी कमी.

तर मग वेग वेळेवर उतरवायचा कसा? माझी चूक एफ-एटची नव्हतीच मुळी. ती वीस मिनिटं आधी झाली होती, सह्याद्री बघायला १५ हजारांवर गेले तिथे. ढोबळ हिशोब असा आहे: दर हजार फूट खाली यायला तीन मैल. १५ हजारांना ४५ मैल. शिवाय सरळ उडत असताना दर १० नॉट वेग उतरवायला साधारण एक मैल, म्हणजे २४० वरून १४० ला आणखी १०. झाले ५५. आणि पुणे-मुंबई आहे ६५! चढायला राहिले फक्त दहा मैल. गणित पुण्यातच चुकलं होतं, पेपर मुंबईत फुटला. (सबमिशनवाल्यांनी वेगळा अर्थ काढू नये.)

हिशोब चुकलाच तर काय करायचं? जेट विमान एकाच वेळी खाली येणं आणि हळू होणं या दोन गोष्टी फार नाखुशीने करतं. मी फ्लॅप्सकडे ब्रेक म्हणून बघत होते, आणि तीच खोड मोडायला हवी होती. ब्रेकचं काम स्पीडब्रेक करतो. त्याहून भारी म्हणजे चाकं. ७३७-८०० ची चाकं २७० नॉटपर्यंत खाली सोडता येतात, म्हणजे कुठल्याही फ्लॅपपेक्षा जास्त वेगाला. चाकं सोडली की अडथळा एवढा वाढतो की वेग मुकाट्याने उतरतो, आणि मग फ्लॅप्स एकेक करून, आपापल्या दरवाजातून. तरीही जमत नसेल तर पॉवर लावायची, वर जायचं, वळसा घालून परत यायचं. याला गो-अराउंड म्हणतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मंगळूरचा अपघात तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. २२ मे २०१०, दुबईहून आलेलं ७३७-८००, म्हणजे मी उडवते तेच मॉडेल. १६६ जण होते, १५८ गेले. तो काही फ्लॅप मोडल्याचा अपघात नाही, पण चौकशी अहवालातले आकडे वाचताना मला माझी मुंबईची फेरी दिसत होती. रनवेच्या सुरुवातीवर ५० फूट उंची आणि १४४ नॉट वेग असायला हवा होता. होती सुमारे २०० फूट उंची, आणि वेग १६० च्या वर. ८,०३३ फुटांच्या रनवेवर चाकं टेकली ती साधारण ५,२०० फुटांवर. त्याआधी को-पायलटने गो-अराउंड करा असं सांगितलं होतं. मी लॅपटॉपवर ज्याला "कसंबसं टेकवलं" म्हणते ते तिथे टेबलटॉप रनवेच्या पलीकडे दरीत संपलं. त्या रात्री मला गेम लावावासा वाटला नाही.

हॉस्टेलला परत आल्यावर मी सेटिंग्जमध्ये जाऊन 'एअरक्राफ्ट स्ट्रेस कॉजेस डॅमेज' हा पर्याय चालू केला. तो इतके दिवस बंद होता, म्हणून तर आमचं विमान अमर होतं! मॉनिटरच्या कडेला पाटीचे आठ आकडे स्केच पेनने लिहून चिकटवले. आणि रूममेटला को-पायलट केलं. खऱ्या कॉकपिटमध्ये उडवणारा पायलट स्वतः लिव्हर ओढत नाही. तो "फ्लॅप्स फाइव्ह" असं म्हणतो. दुसरा आधी वेग बघतो, तो मर्यादेत असेल तर "स्पीड चेक्ड, फ्लॅप्स फाइव्ह" म्हणतो आणि मग लिव्हर हलवतो. ही दोन सेकंदांची वाटणी म्हणजे अगदी साधी गोष्ट आहे, पण एफ-एटवरचं माझं बोट तिनेच थांबवलं. आता एफ-सेव्हन फक्त रूममेट दाबते. वेग जास्त असेल तर ती "नाही" म्हणते आणि मॅगी खात बसते. कितीही ओरडलं तरी दाबत नाही. एकदा आमचा आरडाओरडा ऐकून वॉर्डन मॅडम वर आल्या. काय चाललंय ते विचारून पाच मिनिटं थांबल्या, आणि जाताना "वेग अजून जास्तच आहे गं" म्हणून गेल्या.

शंभर पानी वहीसुद्धा केली आहे. टेक लॉग. प्रत्येक लँडिंगनंतर खरं काय झालं ते लिहायचं, खाडाखोड करायची नाही, असा नियम आहे. पहिल्या पानावर सलग अकरा वेळा ओव्हरस्पीड आहे. पुढे पुढे गो-अराउंड वाढले आहेत आणि ओव्हरस्पीड तुरळक झाले आहेत. परवा मामा कामानिमित्त इकडे आले होते, तेव्हा गेटवर उभ्या उभ्या त्यांनी ती वही चाळली. लँडिंगबद्दल काहीच बोलले नाहीत. एका नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "इथे फ्लॅप तीस, एवढंच लिहिलंयस. वेग किती होता?"

मी म्हटलं, "१८१."

"मग लिही की," म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून दिलं.